जुन्या जीपचे सुटे भाग : आधी ओळख, मग खरेदी

पावसाळा तोंडावर आला, की पुण्या-मुंबईतील इमारतींच्या वाहनतळावर एक दृश्य हमखास दिसते. कोपऱ्यात उभ्या असलेल्या जुन्या जीपचे किंवा जिप्सीचे एक चाक उतरविलेले असते, खाली तेलाने माखलेले वर्तमानपत्र पसरलेले असते आणि बाजारातून आणलेला सुटा भाग हातात घेऊन मालक विवंचनेत बसलेला असतो. भाग जीपचाच असतो. विकणाऱ्याने फसविलेले नसते. बोल्टची छिद्रेही जुळलेली असतात. तरीही गाडी रस्त्यावर आल्यावर आवाज करते, तेल गाळते किंवा चढावर अडून बसते.

या अपयशाचे कारण बहुधा मालकाच्या कसबात नसते. खरेदीपूर्वी त्याने स्वतःची गाडी नीट ओळखलेली नसते, हे खरे कारण होय. भारतातील जुन्या जीपगाड्या अनेक दशके, अनेक इंजिने आणि अनेक हात पालटत आलेल्या आहेत. बॉनेटवरील नाव एक, गिअरबॉक्स दुसऱ्याच काळातील आणि मागचा एक्सल तिसऱ्याच गाडीचा, असा प्रकार अपवादात्मक नाही. त्यामुळे नावावरून मागितलेला भाग म्हणजे जुगारच ठरतो. मोजमापावरून मागितलेला भाग मात्र बहुतेक वेळा बसतो. हीच कसोटी पुढे कायद्यालाही लागू पडते. रस्त्यावर उभी असलेली गाडी आणि नोंदणी पुस्तकातील गाडी एकच असल्याचे मालकाला दाखविता आले पाहिजे.

एक नाव, अनेक पिढ्या

जीपचे भारतातील घर मुंबई हे होय. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र उद्योगाने अमेरिकेतील विलीज-ओव्हरलँड कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली. पुढे विलीजच्या 'सीजे-३बी' या नमुन्याचे उत्पादन येथेच होऊ लागले. या गाडीचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा ठळकपणे उंच आहे, कारण तिच्यात बसविलेले सुमारे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिनच उंच होते. अमेरिकेत या नमुन्याचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र तिची वंशावळ कितीतरी वर्षे पुढे चालत राहिली.

डिझेल स्वस्त असल्यामुळे पेट्रोल इंजिन मागे पडले आणि डिझेल इंजिने आली. १९८० च्या दशकात 'एमएम ५४०' या गाडीतून प्यूजो कंपनीच्या रचनेचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन लोकप्रिय झाले. त्यानंतर २५२३ सीसीचे डीआय इंजिन आले. २०१० मध्ये बाजारात आलेली 'थार' दिसायला जुन्या जीपसारखीच होती; परंतु तिच्या सीआरडीई इंजिनाच्या आवृत्तीत पुढील बाजूस पाटे नव्हते. तेथे दोन्ही चाकांना स्वतंत्र हालचाल देणारी टॉर्शन बारची रचना होती. २०२० मधील थार तर पूर्णपणे वेगळी गाडी आहे. म्हणजे 'महिंद्रची जीप' एवढे सांगून पुढचा एक्सल मागणाऱ्या ग्राहकाला दुकानदार किमान तीन-चार निरनिराळ्या वस्तू दाखवू शकतो आणि त्यांपैकी प्रत्येक वस्तू 'जीपचीच' असते.

मारुती जिप्सीची कथा तुलनेने सोपी आहे, तरी तिच्यातही फसगतीच्या जागा आहेत. १९८५ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या जिप्सीत ९७० सीसीचे इंजिन होते. १९९६ मध्ये १३०० सीसीचे इंजिन आले आणि २००० मध्ये त्यालाच एमपीएफआय पद्धतीची इंधनपुरवठा यंत्रणा मिळाली. दरम्यान दोन चाकांमधील अंतर वाढविण्यात आले. त्यामुळे अरुंद जिप्सीचा एक्सल आणि रुंद जिप्सीचा एक्सल एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सामान्य ग्राहकांसाठीची जिप्सीची विक्री २०१९ मध्ये थांबली आणि तेव्हापासून तिच्या जुन्या भागांना मागणी वाढली.

तिसरे घराणे लष्करी आहे. जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून १९९९ पर्यंत निस्सान कंपनीच्या परवान्याने तयार झालेली 'जोंगा' लिलावांतून नागरिकांच्या हाती आली. तिचे सहा सिलिंडरचे सुमारे चार लिटरचे पेट्रोल इंजिन आज चालू ठेवणे खर्चिक असल्याने अनेक जोंगांत ट्रकची किंवा अन्य गाड्यांची डिझेल इंजिने बसविली गेली. अशा गाडीसाठी भाग शोधताना मूळ नमुन्याचे नाव जवळपास निरुपयोगी ठरते.

गाडीची जन्मपत्रिका

म्हणूनच पहिले काम बाजारात जाण्याचे नसून वही घेऊन गाडीखाली शिरण्याचे आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही एक्सल यांवर ओतकामातील किंवा ठोकलेले आकडे असतात. तारेच्या ब्रशने माती आणि ग्रीस घासून ते वाचावेत, लिहून घ्यावेत आणि त्यांचे छायाचित्र काढावे. एक्सलवर काही ठिकाणी बोल्टखाली पत्र्याची लहान पट्टी असते. तिच्यावर क्राउन आणि पिनियनच्या दात्यांची संख्या दिलेली असते. मात्र एवढ्या वर्षांत आतील दाते बदलले गेले असण्याची शक्यता असल्याने तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये.

त्यानंतर मागच्या एक्सलकडे पाहावे. विलीज पद्धतीच्या जुन्या जीपमध्ये मागच्या डिफरन्शियलचा फुगीर भाग एक्सलच्या मध्यभागी नसून एका बाजूला असतो, तर नंतरच्या अनेक गाड्यांत तो मध्यभागी आहे. एका पद्धतीची ट्रान्सफर केस दुसऱ्या पद्धतीच्या एक्सलसमोर बसविली, तर प्रॉपेलर शाफ्ट तिरका चालतो आणि त्याचे क्रॉस वारंवार तुटतात. 'क्रॉस टिकत नाही' या तक्रारीचे मूळ कित्येकदा क्रॉसमध्ये नसते, ते असे जुळणीत असते.

आट्यांचा प्रश्नही याच वेळी सोडवून घ्यावा. विलीज वंशातील भागांवर अमेरिकी इंची मापाचे नट-बोल्ट असतात, तर प्यूजो रचनेचे इंजिन आणि संपूर्ण जिप्सी मिलिमीटरच्या मापाची आहे. एकाच जीपमध्ये दोन्ही मापे नांदतात. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटरचा असतो. त्यावर १३ मिलिमीटरचा पाना बसतो, पण घट्ट नटावर जोर लावताच नटाच्या कडा गोल होतात. गंजलेला नट फिरत नाही म्हणून छिन्नीने तोडण्याची वेळ येते, तिची सुरुवात बहुधा अशा चुकीच्या पान्यापासून झालेली असते. घरी दुरुस्ती करणाऱ्याकडे पान्यांचे दोन्ही संच असणे अगत्याचे आहे. विलीज पद्धतीच्या अनेक जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, हेही ध्यानात ठेवावे. ते ठाऊक नसलेला माणूस नट सैल करण्याऐवजी सारी शक्ती लावून तो आणखी आवळत राहतो आणि शेवटी बोल्ट तोडतो.

दात्यांचा हिशेब

जुना एक्सल घेताना होणारी सर्वांत महागडी चूक गुणोत्तराची असते. क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले, की डिफरन्शियलचे गुणोत्तर मिळते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी विलीजमध्ये ३९ आणि ८ दाते होते, म्हणजे गुणोत्तर ४.८८. त्यानंतरच्या नागरी सीजे जीपमध्ये ४३ आणि ८ दाते, म्हणजे ५.३८. बाहेरून दोन्ही एक्सल सख्ख्या भावांसारखे दिसतात.

अशी विजोड जोडी पुढे-मागे बसली, तर केवळ मागच्या चाकांवर चालताना काहीच जाणवत नाही. मालक समाधानाने महिनोन् महिने शहरात फिरतो. डोंगरात चारही चाकांना गती देणारा दांडा ओढताच मात्र पुढची आणि मागची चाके निरनिराळ्या वेगाने फिरू पाहतात. वरील दोन गुणोत्तरांतील फरक सुमारे दहा टक्के आहे. म्हणजे शंभर मीटर अंतरात चाकांच्या एका जोडीला जवळपास दहा मीटर घसरावेच लागते. चिखलात ते खपून जाते. खडकावर किंवा कोरड्या चढावर चाकांना घसरायला वाव नसतो. तेव्हा सारा ताण गिअरच्या दात्यांवर आणि शाफ्टवर येतो आणि ट्रान्सफर केस नेमकी घाटातच तुटते.

गाडीवर असलेल्या एक्सलचे गुणोत्तर तो न उघडताही काढता येते. गिअर आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि मागचे एकच चाक उचलावे. दुसरे चाक जमिनीवर राहू द्यावे. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून उचललेले चाक पूर्ण दोन फेरे फिरवावे. तेवढ्या वेळात शाफ्टचे जितके फेरे होतील, तेच गुणोत्तर. पाच फेरे होऊन सव्वापेक्षा थोडे अधिक झाले, तर ५.३८, पाच फेरे भरण्यास किंचित उणे पडले, तर ४.८८. पुढच्या एक्सललाही हीच रीत लागू पडते. तेथे फ्री-व्हील हब असल्यास ते आधी लॉक करावे लागतात. बाजारात सुटा पडलेला एक्सल घेताना तर झाकण उघडून दाते मोजण्याचा आग्रहच धरावा. दाते मोजू न देणाऱ्या विक्रेत्याकडून एक्सल घेऊ नये.

हॅण्डब्रेकचा धोका

वरील चाचणी करताना किंवा चाक उतरविताना एक गोष्ट जिवाशी खेळू शकते. आजच्या बहुतेक मोटारींत हॅण्डब्रेक मागच्या दोन्ही चाकांना धरतो. विलीज पद्धतीच्या जीपमध्ये आणि जुन्या जिप्सीतही तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. तो शाफ्टला धरून ठेवतो. दोन्ही चाके जमिनीवर असेपर्यंत गाडी उभी राहते. मागचे एक चाक उचलले, की डिफरन्शियलच्या रचनेमुळे अधांतरी असलेले चाक उलट फिरू शकते आणि हॅण्डब्रेक ओढलेला असूनही जमिनीवरचे चाक पुढे सरकते. म्हणजे गाडी जॅकवरून घसरते.

यावर उपाय साधा आहे. काम सपाट जागेवरच करावे. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावावेत. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. चेसिसखाली लोखंडी घोड्या लावून, गाडी हलवून पाहून मगच खाली जावे. अनेक इमारतींच्या आवारात पेव्हर ब्लॉक असतात. ते दाबाखाली खचतात, म्हणून जॅक आणि घोडीखाली जाड फळी घालावी. विटांचे थर किंवा रिकामी रिम ही घोडीची जागा घेऊ शकत नाही. वीट आधी कोणतीही सूचना न देता फुटते.

जुने काय चालते, नवेच काय लागते

जुना भाग म्हणजे टाकाऊ भाग, हा समज चुकीचा आहे. ओतीव लोखंडाची जड आवरणे, म्हणजे एक्सलचे हाउसिंग, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे कवच, इंजिनाचा ब्लॉक हे भाग जुने घेण्यात शहाणपण आहे. त्यांपैकी कित्येक आता नवे मिळतही नाहीत. बॉनेट, ग्रिल, विंडशील्डची चौकट, रिम, टो हुक, आसनांचे सांगाडे हेही जुने चालतात. त्या काळच्या जाड पत्र्यावर वेल्डिंग करणे पातळ नकली पत्र्यापेक्षा सोपे जाते, असे कारागीर सांगतात. पाटे जुने घेता येतात. मात्र दोन्ही बाजूंच्या पाट्यांची संख्या, लांबी आणि कमान सारखी असली पाहिजे. ते बांधणारे यू-बोल्ट नवेच वापरावेत. एकदा आवळून ताणला गेलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तितका घट्ट बसत नाही.

रबर, घर्षण किंवा गोळ्यांवर चालणारी प्रत्येक वस्तू मात्र नवीच हवी. ब्रेकचे लायनर, होज पाइप, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरचे रबर, ऑइल सील, बेअरिंग, क्लच प्लेट, क्रॉस, टाय रॉड एण्ड आणि विजेच्या तारा या यादीत येतात. यात ब्रेकचा मान पहिला. जुन्या जीपच्या ब्रेकमध्ये तेलाचा एकच मार्ग असतो. नंतरच्या मोटारींप्रमाणे पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी स्वतंत्र मार्ग नसतात. त्यामुळे एका चाकाचे शंभर-दोनशे रुपयांचे रबर फाटले, तरी चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. भंगारातून काढलेला व्हील सिलिंडर बाहेरून स्वच्छ दिसतो; आत मात्र ओलाव्याने पडलेले बारीक खड्डे नवे रबरही काही दिवसांत कापून काढतात. ब्रेकचे तेल टॉप-अप करताना त्यात इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नये. खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगते आणि ब्रेक जाम होतात.

जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ड्रम उघडल्यावर तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने फुंकर मारू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

टायर जुने घेण्याचा मोह अनेकांना होतो. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवितात. '३२१९' म्हणजे २०१९ च्या ३२ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी कितीही खोल असली, तरी रबराला बारीक भेगा गेलेला जुना टायर घाटात उतरविण्याच्या लायकीचा नसतो.

बाजारात जाताना

पुण्यात मंगळवार पेठेतील जुना बाजार हे अशा भागांचे जुने ठिकाण. बुधवार आणि रविवार हे त्याचे दिवस प्रसिद्ध आहेत. मुंबईत भेंडी बाजाराजवळचा चोर बाजार नावाने मोठा असला, तरी गाड्यांच्या जड भागांसाठी जाणकारांचे पाय कुर्ल्याच्या सीएसटी रोडकडे वळतात. नव्या भागांसाठी ऑपेरा हाउस परिसरातील दुकाने आहेत. दिल्लीतील मायापुरी आणि लष्करी जीपच्या व्यवसायासाठी ओळखले जाणारे हरियानातील मंडी डबवाली ही नावेही जीपवाल्यांच्या बोलण्यात नेहमी येतात. दूरवरून माल मागविताना मात्र छायाचित्रापेक्षा मापावर भर द्यावा. फुटपट्टी लावून काढलेले छायाचित्र, दात्यांची संख्या आणि शाफ्टच्या टोकावरील खाचांची संख्या आधी मागून घ्यावी.

बाजारात जाताना शक्य असेल तर तुटलेला जुना भागच सोबत न्यावा. ते जमत नसेल, तर मापांची वही, व्हर्निअर, बॅटरी, लोहचुंबक आणि खडू एवढी सामग्री पुरते. पत्र्यात लांबी भरून रंग दिला असेल, तर तेथे चुंबक चिकटत नाही. ओतीव कवचाला तडा असल्याची शंका आली, तर ते रॉकेलने पुसून कोरडे करावे आणि वर खडूची पूड चोळावी. तड्यात शिरलेले रॉकेल थोड्या वेळाने पुडीवर ओली रेघ उमटवते. शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो खरखरत असेल, तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करून भाव करावा.

गिअरबॉक्स किंवा एक्सलमधील तेलाचे चार थेंब काढून पाहिले, तर त्या भागाचा इतिहास कळतो. तेल काळे असले तरी चालेल. ते दुधाळ चहासारखे असेल, तर आत पाणी गेलेले आहे आणि बेअरिंग गंजलेली असण्याची शक्यता मोठी आहे. ओढे-नाले पार केल्यावर मालकाने स्वतःच्या गाडीचे तेलही असेच तपासावे. तापलेला एक्सल थंड पाण्यात शिरताच आतील हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. एक्सलवरील हवेचे लहानसे ब्रीदर चिखलाने बुजलेले असेल, तर हा प्रकार हमखास घडतो.

इंजिन उचलण्यापूर्वी ते चालवून दाखविण्याचा आग्रह धरावा. ते शक्य नसेल, तर किमान हाताने पूर्ण फिरते का, हे पाहावे आणि सिलिंडर हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने वाक तपासावा. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या गाड्यांचे सुटे कंट्रोल युनिट घेताना विशेष सावध राहावे. इमोबिलायझर असलेल्या गाडीत ते युनिट चावीशी जोडलेले असते आणि दुसऱ्या गाडीत केवळ प्लग लावून चालत नाही.

थरथर आणि तिचा खोटा इलाज

घरच्या दुरुस्तीतील एक नेहमीची तक्रार म्हणजे विशिष्ट वेगाला पुढची चाके आणि स्टिअरिंग जोराने थरथरणे. यावर अनेक जण बाजारातून स्टिअरिंग डँपर आणून लावतात. थरथर काही दिवस दबते आणि पुन्हा दुप्पट जोराने येते. डँपर हा झटके सोसणारा भाग आहे; ढिलाई दूर करणारा नव्हे. खरा दोष बहुधा नकलमधील किंग पिनच्या झिजलेल्या बेअरिंगमध्ये, टाय रॉड एण्डमध्ये, पाट्यांच्या बुशमध्ये किंवा चाकांच्या बिघडलेल्या अलाइनमेंटमध्ये असतो. पुढचे चाक उचलून ते वर-खाली धरून हलविले, की ढिलाई कोठे आहे ते हाताला लागते. विलीज पद्धतीच्या बंद नकलमध्ये ती पातळ शिम काढून-घालून दुरुस्त करता येते. हे काम वेळखाऊ असले, तरी त्याला खर्च फारसा येत नाही.

कागद जुळले पाहिजेत

ज्या दोन भागांवर गाडीची कायदेशीर ओळख टिकून आहे, ते म्हणजे चेसिस आणि इंजिन. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही तरतूद काटेकोरपणे लागू असल्याचे स्पष्ट केले. परवानगीविना इंजिन बदलले गेले असेल, तर १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला कळविणे बंधनकारक आहे. पेट्रोल जीपला कधीकाळी बसविलेले डिझेल इंजिन पुस्तकात नोंदलेले नसेल, तर नूतनीकरणाच्या वेळी किंवा अपघातानंतर विम्याचा दावा करताना तो प्रश्न हमखास उभा राहतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते, हे लक्षात घेता जुन्या जीपच्या मालकाला हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही.

म्हणून जुने इंजिन घेताना बिलावर इंजिनाचा क्रमांक लिहून घ्यावा, विक्रेत्याचे नाव-पत्ता असलेले पक्के बिल मागावे आणि ज्या गाडीतून ते काढले, तिच्या कागदपत्रांची प्रत घ्यावी. क्रमांक घासलेले, पुन्हा ठोकलेले किंवा वेल्डिंगने भरलेले इंजिन कितीही स्वस्त असले, तरी हात लावू नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. एका गाडीच्या चेसिसचा क्रमांक असलेला तुकडा कापून दुसऱ्या सांगाड्याला जोडणे हा तर सरळ फसवणुकीचा प्रकार होय. असा 'कागदासह सांगाडा' विकत घेणारा मालकच पुढे अडचणीत येतो.

वाहन मोडीत काढण्याच्या नोंदणीकृत केंद्रांसाठीचे नियम २०२१ मध्ये लागू झाले. एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण थांबले. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीची विशेष वाहने यातून वगळण्यात आली आहेत. त्यामुळे सरकारी खात्याची जीप लिलावात घेऊन ती आपल्या नावे रस्त्यावर आणण्याची जुनी वाट आता बरीच अरुंद झाली आहे. याउलट, ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' अक्षरांची विंटेज नोंदणी मिळू शकते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते, पण ज्यांच्याकडे मूळ इंजिनासह जुनी विलीज आहे, त्यांनी ते इंजिन काढून विकण्यापूर्वी या तरतुदीचा विचार अवश्य करावा.

शेजार आणि सांडपाणी

काढलेले तेल गटारात ओतणे हा घरच्या दुरुस्तीतील सर्वांत सामान्य गुन्हा आहे. वापरलेले तेल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा होय. ते डब्यात साठवून अशा तेलाचा अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जाईल, अशा गॅरेजमध्ये द्यावे. इमारतीच्या आवारात काम करण्यापूर्वी सोसायटीच्या कार्यालयाला सांगावे आणि वेल्डिंगसारखी कामे तेथे करूच नयेत. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली, तरी तिच्यातील वाफ पेट घेते. टाकीचे वेल्डिंग हे घरचे काम नव्हेच. चेसिसवर वेल्डिंग करायचे असेल, तर बॅटरीची टर्मिनल काढून ठेवावीत.

खरेदीपूर्वीची वही

जुन्या जीपचा मालक बाजारात निघण्यापूर्वी वहीच्या एका पानावर पुढील नोंदी असाव्यात : चेसिस व इंजिनाचा क्रमांक आणि नोंदणी पुस्तकातील क्रमांक, इंजिनाचा प्रकार व सीसी, गिअरबॉक्स व ट्रान्सफर केसवरील ओतीव आकडे, पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलच्या दात्यांची संख्या, डिफरन्शियल मध्यभागी की बाजूला, शाफ्टवरील खाचा, दोन चाकांमधील अंतर, ब्रेक सिलिंडरच्या छिद्राचे माप, आणि कोणत्या भागाचे आटे इंची, कोणत्याचे मिलिमीटरचे. बदललेल्या प्रत्येक भागाची तारीख, बिल आणि माप त्याच वहीत चढवीत जावे. पुढे गाडी विकायची वेळ आली, तर तिच्यासोबत ही वहीही नव्या मालकाच्या हाती द्यावी, म्हणजे त्याला पुन्हा पहिल्यापासून गाडीखाली शिरावे लागणार नाही.